विसर्गकाकांचा मळका स्पंज

विसर्गकाकांना माणसांचा तिटकारा होता आणि तो त्यांनी कधी झाकून ठेवला नाही. लिफ्टमध्ये कुणी "काय काका, बरे आहात ना?" असं विचारलं, की ते दारावरच्या आकड्यांकडे बघत म्हणायचे, "तुम्हाला उत्तर नकोय. तिसरा मजला येईपर्यंतचा वेळ काढायचाय." पुढे तिसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्टमध्ये जी शांतता पसरायची, ती त्यांना मनापासून आवडायची. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गोड बोलणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट आहे. त्या सगळ्यांत मला सहन होणारा हा एकच माणूस होता.

नाव अर्थातच त्यांचं नव्हे. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी, त्यातली बरीच वर्षं खडकवासल्याला. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले, की नदीकाठचे झाडून सगळे नातेवाईक त्यांना फोन करून एकच विचारायचे, विसर्ग किती आहे. निवृत्त झाल्यावरही फोन थांबले नाहीत. काका जिन्यात उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, "विसर्ग पेपरात येतो. तुमची गाडी नदीपात्रात लावलीय का, ते मला कळत नाही." मग सोसायटीने नाव ठेवलं. काकांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाले, "नाव ठेवण्यापुरती तरी अक्कल आहे म्हणायची."

मी मूळची धायरीची. घरून कोथरूडला रोज कामाला यायचं म्हणजे निम्मं आयुष्य सिग्नलला घालवायचं, म्हणून मैत्रिणीबरोबर इथे भाड्याने राहते. पत्रकं लिहिते. नदीवर लिहिते, टेकडीवर लिहिते, दुकानांतून विकल्या जाणाऱ्या मुक्या जिवांवर लिहिते. छापून आणते, वाटते, भिंतीवर चिकटवते, आणि कुणी फाडलं की पुन्हा चिकटवते. सोसायटीच्या दृष्टीने मी भाडेकरू, म्हणजे मीटिंगमध्ये बसून समोसा खाण्याचा हक्क असलेली आणि तोंड उघडण्याचा हक्क नसलेली व्यक्ती.

तर आमच्या चेअरमनच्या नातवाचा वाढदिवस होता. क्लबहाउसमध्ये फुगे, जादूगार, आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात रिटर्न गिफ्ट: पाण्याने भरलेली प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात गोल्डफिशचं एक पिल्लू. नखाएवढं. पिशवीला रिबन. मुलं त्या पिशव्या गोल फिरवत घरी गेली. एकाने तर झोपाळ्यावर बसून पिशवीलाही झोका दिला. जिवंत प्राणी पेन्सिलबॉक्सच्या जागी वाटणारी ही माणसं सुशिक्षित म्हणवतात, मुलांना पर्यावरण विषयात पैकीच्या पैकी मार्क मिळाले की स्टेटस ठेवतात. मी सकाळपर्यंत पत्रक तयार केलं आणि दोन्ही लिफ्टमध्ये चिकटवलं. मथळा होता, 'तुमच्या पोराची मजा, कुणाच्या तरी पोराचा जीव'.

परिणाम झाला. दुपारपासून दारावरची बेल वाजायला लागली. एकेक आई पिशवी घेऊन उभी. "तुम्हाला एवढा पुळका आहे ना, मग तुम्हीच ठेवा." एकीने तर पिशवी चपलांच्या स्टँडवरच ठेवली आणि बेल वाजवून पळाली. संध्याकाळी माझ्या कपड्यांच्या बादलीत गोल्डफिशची पिल्लं होती आणि त्यांचं काय करायचं याची मला काडीची कल्पना नव्हती.

खालच्या मजल्यावरून विसर्गकाका वर आले. हातात माझं पत्रक होतं, लिफ्टमधून सोलून काढलेलं. त्यांनी आधी बादलीत डोकावलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पत्रक झणझणीत आहे. यांच्यापैकी कुणी वाचलं का?"

"काका, टोमणे नंतर मारा. पाणी बदलू का?"

"नळाचं घालणार? त्यात क्लोरीन असतं. एक दिवस उघडं ठेवल्याशिवाय घालायचं नाही. आणि बादली माझ्याकडे आण. तुझ्या घरात पंखासुद्धा मालकाला विचारून लावावा लागतो."

काकांकडे बाल्कनीत एक लहानशी काचेची टाकी रिकामी पडून होती. काकूंना मासे आवडायचे. त्या गेल्यापासून टाकीत जुनी वर्तमानपत्रं होती. काकांनी ती काढली, टाकी नुसत्या पाण्याने विसळली आणि म्हणाले, "आता फिल्टर. चल."

मासे विकणाऱ्या दुकानात पाऊल ठेवायची मला शिसारी येते. दुकानदाराने आम्हाला रांगेने फिल्टर दाखवले. एक टाकीच्या मागे लटकणारा, ज्यातून पाण्याचा धबधबा पडतो. एक आत बसवायचा, निळ्या दिव्याचा. एक एवढा मोठा, की त्याने आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी फिरवली असती. "काका, हा घ्या. एकदम फोर्स. पाणी आरशासारखं."

काकांनी चालू टाकीत हात घातला आणि तळवा फिल्टरच्या तोंडासमोर धरला. मनगटावरचे पांढरे केस सगळे एका दिशेला ताणले गेले. हात बाहेर काढून त्यांनी तो दुकानदारासमोर धरला.

"हा माझा हात आहे. माझं वजन तुला दिसतंय. आता नखाएवढं पिल्लू इथे धर."

"अहो, पोहतात ना ते."

"तू पुरात पोहतोस का?"

असं करत त्यांनी दुकानातल्या प्रत्येक टाकीत हात घातला. दुकानदाराच्या चेहऱ्यावर आता गिऱ्हाइकाबद्दलचा आदर उरला नव्हता. शेवटी काकांनी कोपऱ्यातल्या खोक्यातून एक वस्तू उचलली. काळा, भोकाभोकांचा स्पंज, त्याच्यातून वर आलेली नळी, आणि हवेच्या पंपाला जोडायला बारीक पाइप. बस. दुकानदार म्हणाला, "काका, तो पिल्लं काढणारे लोक वापरतात. शोला चांगला दिसत नाही."

"मला शो करायचा नाहीये. मला पिल्लंच वाढवायचीत."

निघताना दुकानदाराने मला धीर दिला, "मॅडम, गोल्डफिश लहान टाकीत लहानच राहतात. काळजी करू नका." काका उंबऱ्यावरून मागे वळले. "तुला लहानपणी कपाटात ठेवलं असतं तर तूही लहानच राहिला असतास. थोडे दिवस. मग मेला असतास." पुण्यात दुकानदाराचा अपमान करून बाहेर पडण्याचा मान गिऱ्हाइकाला क्वचित मिळतो. काकांनी तो हक्काने घेतला.

घरी आल्यावर त्यांनी पंप लावला. स्पंजमधून बुडबुडे वर जायला लागले, आणि पाणी इतकं हळू फिरत होतं की मला वाटलं, बिघडलंय. तसं म्हटल्यावर काका खुर्चीत टेकले. "धरणावर नवीन आलेला प्रत्येक साहेब हेच म्हणायचा. पाणी दिसलं की त्याला ते धो धो सोडायचं असतं. पाणी धावायला नको असतं, फिरायला हवं असतं. घाण खेचून घेणं हे कामच नाही याचं. या स्पंजच्या भोकांत जिवाणू वस्तीला येतात आणि माशांच्या मुताचं विष ते खातात. त्यांना यायला काही आठवडे लागतात. तोवर रोज थोडं पाणी बदल आणि गप्प बस." आणि मग ते वाक्य, जे पुढे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं: "जोर कशाला? पिल्लं आहेत."

काकांचा दुसरा हट्ट म्हणजे तो स्पंज धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो हलक्या हाताने पिळायचा, आणि परत आत. नळाखाली धरायचा नाही, साबण तर नाहीच नाही. काही आठवड्यांत त्याला शेवाळी, चिकट रूप आलं आणि काकांच्या घराला तळ्याकाठचा ओला वास यायला लागला. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावून तक्रार केली. काका म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे फिनेलचा वास येतो. मी बोललो का कधी?" माझी आई धायरीहून आली, तिने टाकी बघून कपाळाला हात लावला. "आगं, आपल्या हिरीत मासं हायेत की. कुणी लावली व्हती मशीन?" काकांनी तिला मात्र टोमणा मारला नाही. म्हणाले, "तुमच्या विहिरीला तळ आहे, शेवाळ आहे, वर आभाळ आहे. इथे नुसती काच. म्हणून हे एवढंसं तळं आत ठेवलंय." आईला ते पटलं. निघताना ती त्या स्पंजला हात जोडून गेली. चेष्टेत की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही.

पिल्लं वाढायला लागली, रंग धरायला लागली, आणि मग चेअरमनना आठवण झाली की ती त्यांनी वाटली होती. शहरातल्या सुंदर सोसायट्यांची कसलीशी स्पर्धा जवळ आली होती. लॉबीत फिशटँक हवा होता, ईशान्येच्या कोपऱ्यात. मासे सोसायटीतच आहेत, मग विकत का आणायचे? त्यांनी मीटिंग बोलावली. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि विषय: लॉबीतल्या टँकसाठी फिल्टर निवडणे.

फिल्टर निवडणे म्हणजे काय, तर चेअरमननी तीन कोटेशनं मागवली होती आणि त्यांतला सगळ्यात ताकदवान पंप असलेला फिल्टर निवडला होता. वरून धबधबा, आतून दिवे. "आपल्या सोसायटीत क्वालिटीशी तडजोड होत नाही," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पोहणाऱ्या जिवाचं नाव त्या सबंध चर्चेत एकदाही कुणी घेतलं नाही. रंगसंगतीवर मात्र बराच वेळ बोलणं झालं. मी हात वर केला. "भाडेकरूंनी लेखी द्यावं," चेअरमन म्हणाले.

काका उठले. घरून त्यांनी भांड्यात भिजवलेला साबुदाणा आणला होता. एक बादली मागवली, तिच्यात चेअरमननी नमुना म्हणून आणलेला फिल्टर सोडला, बटण दाबलं आणि मूठभर साबुदाणा पाण्यात टाकला. पांढरे दाणे क्षणभर पसरले आणि मग सगळे एका वाटेने निघाले. बघता बघता बादलीत दाणा उरला नाही.

"हे तुमचे मासे," काका म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आज एकादशी आहे का?" आणि सगळं पार्किंग हसलं. चेअरमन पण हसले. "अहो काका, आपण जरा पॉझिटिव्ह राहू या." मग हात वर झाले आणि ठराव पास झाला. शिकलेली माणसं डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट हात वर करून रद्द करू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. तेव्हापासून मला कुठल्याच बहुमताचं कौतुक वाटत नाही.

पिल्लं लॉबीत गेली. मी काकांवर चिडले होते. देऊ नका म्हणून मी भांडले होते. ते म्हणाले, "ठराव झालाय. मी सरकारी माणूस. एकदा ठरावाप्रमाणे करून बघतो. धरण फुटल्यावर मग मी कुणाचं ऐकत नाही."

फुटायला आठवडाही लागला नाही. रोज टाकीत मासे कमी दिसायला लागले. चेअरमननी वॉचमनच्या मांजरावर संशय घेतला. मांजर काचेचं झाकण उघडून, मासा खाऊन, झाकण परत लावून जातं, असं या इंजिनिअर माणसाचं म्हणणं होतं. काकांनी भर सकाळी, ऑफिसला जाणाऱ्यांच्या गर्दीत, फिल्टरचं खोकं उघडलं आणि आतली जाळी काढून सगळ्यांसमोर धरली. त्यावर जे चिकटलं होतं, ते मी लिहीत नाही. वाढदिवसाला आलेली एक मुलगी शाळेच्या बसची वाट बघत तिथे उभी होती, तिने बघितलं आणि ती रडली. तिची आई काकांना म्हणाली, "मुलांसमोर कशाला काढायचं हे?"

त्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. हा फिल्टर रात्री बंद असायचा. कॉमन मीटरचं बिल वाढतं म्हणून लॉबीचे दिवे, कारंजं आणि फिल्टर एकाच टायमरवर लावले होते. दिवसा जोराने ओढून घ्यायचं आणि रात्री श्वास बंद करायचा. काकांनी चेअरमनना विचारलं, "घरी झोपताना नातवाच्या नाकपुड्या पण मिटता का? बचत होईल."

मग त्यांनी बादली आणली आणि उरलेली पिल्लं ओंजळीने, एकेक करून, बादलीत घेतली. चेअरमन आडवे आले. "काका, ही सोसायटीची मालमत्ता आहे. ही चोरी होते."

"तक्रार करा. पोलिसांना सांगा, मासे चोरीला गेले. जिवंत."

मी त्या प्रसंगावर जहाल पत्रक लिहिलं. काकांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, पूर्ण वाचलं आणि परत केलं. "हे चेअरमनच्या फिल्टरसारखं आहे. आवाज मोठा, दिवे भरपूर."

"मग काय लिहू? जोर कशाला, पिल्लं आहेत? ते चेअरमन आहेत काका, पिल्लं नाहीत."

काका पहिल्यांदा हसले. "त्याला हाण तू. पण खाली दोन ओळी लिही, ज्याला मासे सोडून द्यायचेत त्याने कुठल्या दारावर यायचं. शिव्या वाचून माणूस पिशवी गटारात ओततो." मी लिहिल्या. अजूनही प्रत्येक पत्रकाच्या खाली लिहिते. वरच्या शिव्या मी कमी केलेल्या नाहीत.

मासे बोटाएवढे झाले तेव्हा काकांची तब्येत ढासळली. हॉस्पिटलमध्ये दाखल व्हायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टाकीतून स्पंज काढला, आणि भाजीच्या सुरीने त्याचे मधोमध दोन भाग केले. काळं पाणी टेबलभर सांडलं. एक भाग टाकीत परत गेला. दुसरा त्यांनी माझ्या हातात दिला, निम्मे मासेही दिले. घरमालकाला न विचारता आणलेली टाकी माझ्या घरी तयार होती.

"सगळं एका जागी ठेवायचं नसतं. आणि धुशील तर बघ."

काका परत आले नाहीत. चेअरमननी नोटीसबोर्डावर त्यांचा फोटो लावून खाली 'थोर जलतज्ज्ञ' असं छापलं. हार मोठा होता. शोकसभेत चेअरमन म्हणाले, काकांचं मार्गदर्शन सोसायटीला कायम लाभलं. मी भाडेकरू असूनही मोठ्याने "कधी?" असं विचारलं. लॉबीतल्या टाकीच्या जागी आता एक टीव्ही आहे आणि त्यात मासे पोहतात. पाणी आरशासारखं, मरायची भानगड नाही, रात्री बंद केलं तरी चालतं. त्यांना पहिल्यापासून हेच हवं होतं.

काकांचे मुलगा आणि सून बंगळुरूहून आले होते. सूनबाई मनाने चांगल्या. सासऱ्यांचं घर त्यांनी अंग मोडून लख्ख केलं. काकांचे दिवस झाले त्या दुपारी त्या माझ्या दारात आल्या, ओल्या हातांनी. "जरा खाली येता का? बाबांच्या माशांना काहीतरी होतंय."

मी गेले. बाल्कनीत टाकी चकाकत होती. पाणी थेट नळाचं, ताजं. स्पंज नवा असल्यासारखा काळा कुळकुळीत, भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास मारत होता. मासे पृष्ठभागावर तोंडं उघडीमिटी करत होते, आणि त्यांतले काही उताणे झाले होते. हलत होते ते मी बादलीत घेतले आणि जिन्याने वर पळाले. माझ्या टाकीत सोडले, मळक्या अर्ध्या स्पंजाशेजारी. सूनबाई मागोमाग आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी घासून सगळं स्वच्छ केलं. बाबांचं होतं म्हणून. त्यातच काही चुकलं का माझं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, मथळ्यासकट. या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बरीच वर्षं पत्रकं लिहिते आहे.

"हो," मी म्हणाले. "धुवायचं नसतं ते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्या थोडा वेळ रडल्या. मी चहा टाकला. संध्याकाळपर्यंत वर आणलेल्यांपैकी बहुतेक मासे खाली उतरून तळाशी हुंगायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "यातले दोन मी बंगळुरूला नेले तर? कुठला फिल्टर घेऊ?"

"दोघांना मोठी टाकी लागेल. ती आधी घ्या. तोवर मासे इथेच राहतील. फिल्टर कुठलाही घ्या, फक्त तोंडापुढे तळवा धरून बघा. हाताचे केस ओढले गेले तर नको."

मग मी टाकीत हात घातला, स्पंजाचा एक तुकडा सुरीने कापला आणि टाकीचंच पाणी घालून पिशवीत ठेवला. "हा तिकडे पोचल्यावर एक दिवस उघड्या ठेवलेल्या पाण्यात सोडा, तोवर याच पाण्यात असू दे. पंप चालू ठेवा, चिमूटभर खाणं टाकत राहा, नाहीतर यातले जिवाणू उपाशी मरतील." घरात पिशवी एकच सापडली होती, वाढदिवसाची. तिची रिबन मी काढून फेकली.

सूनबाईंनी पिशवी उजेडात धरली. गढूळ पाणी, शेवाळी तुकडा. त्यांनी ती नाकाशी नेली. मला वाटलं, आता तोंड वाकडं होणार.

"घरात शिरल्या शिरल्या हाच वास येत होता," त्या म्हणाल्या. "मी फिनेलने घालवला."

त्यांनी पिशवीला गाठ मारली. दारातून निघाल्यावर मी जिन्यात वाकून खाली हाक मारली, "धुऊ नका."

"नाही हो," खालून आवाज आला.